छातीत पोर्ट बसत नाही, म्हणून केमो थांबते का?
पोर्ट म्हणजे त्वचेखाली बसवलेली छोटी डबी; तिला जोडलेल्या नळीतून औषध मोठ्या शिरेत जातं. तो छातीत बसला नाही की केमो हाताच्या शिरेतूनच घ्यावी लागते, हा समज चुकीचा आहे. गाठीमुळे किंवा रक्ताच्या गुठळीमुळे वरची महाशीर (शरीराच्या वरच्या भागातलं रक्त हृदयाकडे नेणारी मोठी शीर) बंद झाली असेल, तर मांडीच्या शिरेतून नळी घालता येते. सोनोग्राफीत शीर पाहून सुई टोचतात, तारेवरून नळी खालच्या महाशिरेत सरकवतात आणि टोक कुठे पोहोचलं ते एक्स-रेवर तपासतात. डबी मात्र जांघेच्या घडीत नको. तिथे घाम, घर्षण, जंतू. ती मांडीच्या पुढच्या भागात, त्वचेखाली बसवतात. गुठळीचा, संसर्गाचा धोका छातीतल्या पोर्टपेक्षा जास्त, म्हणून हा पहिला पर्याय नव्हेच. पाय सुजला किंवा नळी धुतल्यावर थंडी वाजून ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.