जठराचा कॅन्सर आणि अर्ध्या मिलिमीटरचा हिशोब

परळला टाटा हॉस्पिटलच्या बाहेर नातेवाइकांच्या घोळक्यात एक वाक्य हमखास कानावर पडतं: "गाठीला सुरी लावू देऊ नका, लावली की कॅन्सर भडकतो." चांगली शिकलेली माणसंही या भीतीने बायोप्सी पुढे ढकलतात, काढे-अंगारे करून बघतात. त्या महिन्यांत रोग खरोखरच पसरतो आणि दोष जातो सुरीला. हा समज किती पोकळ आहे हे बघायचं असेल, तर जठराच्या अगदी सुरुवातीच्या कॅन्सरवरचा दुर्बिणीचा उपचार समजून घ्यावा. यात पोटावर एकही छेद न देता, तोंडावाटे दुर्बीण घालून, कॅन्सर आतून कापून काढतात. माणूस अख्ख्या जठरासह घरी जातो.

जठराची भिंत थराथरांची असते. सगळ्यात आत अस्तर, त्याखाली एक सैल, मऊ थर, मग स्नायू आणि बाहेरून पातळ आवरण. कॅन्सर उगवतो अस्तरात. तिथून तो लसिकावाहिन्यांत, म्हणजे शरीरातला पाण्यासारखा द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांत, शिरला की त्यांच्या वाटेवरच्या लसिकाग्रंथींपर्यंत पोचतो, आणि या वाहिन्यांचं दाट जाळं असतं खालच्या सैल थरात. म्हणजे प्रश्न खोलीचा आहे. २००० साली जपानी डॉक्टरांनी शस्त्रक्रिया झालेल्या ५२६५ रुग्णांच्या ग्रंथी तपासून काय आढळलं ते प्रसिद्ध केलं. कॅन्सर अस्तरापुरताच, ३ सेंटिमीटरपेक्षा लहान आणि पेशींची ठेवण बऱ्यापैकी शाबूत, अशा १२३० जणांपैकी एकाच्याही ग्रंथीत तो पोचलेला नव्हता. मग अशा रुग्णाचं जठर का कापायचं?

पण अस्तर सोलून काढायचं आणि खालच्या स्नायूला धक्का लागू द्यायचा नाही, हे जमवायचं कसं? भिंत सगळी मिळून काही मिलिमीटर जाडीची. इथे तो सैल थर कामी येतो. गोधडीच्या दोन कापडांमध्ये भरलेल्या कापसासारखा तो अस्तर आणि स्नायू यांच्यामध्ये बसलेला असतो. डॉक्टर आधी कॅन्सरच्या कडेपासून साधारण ५ मिलिमीटर बाहेर, गोलाकार ठिपके डागून हद्द आखतात. मग बारीक सुईने त्या सैल थरात द्रव सोडतात. अस्तर टम्म फुगून वर येतं आणि स्नायू खाली सुरक्षित राहतो. नुसतं सलाइन काही मिनिटांत झिरपून जातं, म्हणून पुष्कळदा हायल्युरोनेट वापरतात. गुडघेदुखीत सांध्यात जे जेल टोचतात, त्यातलाच हा पदार्थ. त्यात थोडा निळा रंग मिसळतात, त्यामुळे पडद्यावर सैल थर निळसर दिसतो, स्नायू पांढुरका आणि रक्तवाहिन्या लाल. कुठे कापायचं ते रंगच सांगतात.

सुरी विजेवर चालते. उच्च वारंवारतेचा प्रवाह सुरीच्या बारीक टोकापाशी एकवटतो, पेशीतलं पाणी क्षणात उकळतं आणि पेशी फुटते, तोच छेद. प्रवाह थांबून-थांबून सोडला तर पेशी फुटण्याऐवजी सुकतात आणि रक्तवाहिनी बंद होते. मांडीला किंवा पाठीला चिकटवलेल्या रुंद पट्टीवाटे तोच प्रवाह परत जातो. तिथे तो पसरलेला असल्यामुळे भाजत नाही. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात टोकियोच्या राष्ट्रीय कॅन्सर केंद्रात या सुरीच्या टोकाला सिरॅमिकचा छोटा मणी बसवला गेला. सिरॅमिकमधून वीज जात नाही. त्यामुळे टोक स्नायूला टेकलं तरी भोक पडायचा धोका कमी, कापते ती फक्त बाजू. इतकी साधी कल्पना, आणि तिच्यामुळे मोठा डागही एका अखंड तुकड्यात काढता येऊ लागला. या पद्धतीला ईएसडी (एंडोस्कोपिक सबम्युकोसल डिसेक्शन, म्हणजे दुर्बिणीतून सैल थरातून सोलून काढणं) म्हणतात.

अखंड तुकड्याचा हट्ट कशासाठी? तो तुकडा टाचण्यांनी ताणून बसवतात, फॉर्मलिनमध्ये ठेवतात आणि सुमारे २ मिलिमीटरच्या पट्ट्या करून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. कडा आणि तळ स्वच्छ आहेत का, लसिकावाहिन्यांत किंवा शिरांत पेशी शिरल्यात का, सैल थरात त्या ५०० मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या पलीकडे गेल्यात का? तुकड्या-तुकड्यांनी काढलं तर ही मोजणीच होत नाही. अर्ध्या मिलिमीटरपेक्षा खोल गेलं असेल, तर पुढे ग्रंथींसह नेहमीची शस्त्रक्रिया करण्याचा सल्ला देतात.

"टाक्यांशिवाय कॅन्सर गायब" अशा जाहिराती दिसतात, त्यांना भुलू नये. खोल गेलेल्या कॅन्सरवर हा उपचार चालत नाही. रक्तस्राव होऊ शकतो, क्वचित भोकही पडतं. ते बहुधा दुर्बिणीतूनच क्लिप लावून बंद करतात.

खरी अडचण वेगळीच आहे. या टप्प्यावर कॅन्सर सहसा दुखत नाही. जपान आणि कोरियात लोकांची सरसकट तपासणी होते म्हणून तो सापडतो. मुंबईत त्याचं प्रमाण मिझोरामच्या मानाने खूपच कमी, त्यामुळे सगळ्यांचीच एंडोस्कोपी करणं व्यवहार्य नाही. पण वजन उतरतंय, शौच डांबरासारखं काळं होतंय, हिमोग्लोबिन घसरतंय, थोडं खाल्लं तरी पोट भरतंय, आणि आपण मात्र केमिस्टकडून अॅसिडिटीच्या गोळ्या आणून महिनोन्‌महिने खातोय, हे थांबायला हवं. या गोळ्यांनी कॅन्सरचा व्रणही काही काळ भरून आल्यासारखा दिसू शकतो आणि निदान लांबतं.

ईएसडीनंतरची जखम गोळ्यांवर साधारण ८ आठवड्यांत भरते. मात्र उरलेलं अस्तर तेच असतं, ज्यात एकदा कॅन्सर उगवला. म्हणून हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू असेल तर औषधांनी त्याचा नायनाट करतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने १९९४ मध्येच त्याला कॅन्सरकारक ठरवलं आहे. तो गेल्यावर नव्या कॅन्सरचा धोका कमी होतो, पण शून्य होत नाही. त्यामुळे पुढेही निदान वर्षातून एकदा दुर्बीण घालून घ्यावी लागते.