पेल्विक फ्लोअरमुळे होणारं बद्धकोष्ठ

मल मलाशयापर्यंत येऊन पोचलाय, कळही आलीय, पण ऐन वेळी ओटीपोटाच्या तळाचे स्नायू (म्हणजेच पेल्विक फ्लोअर) सैल पडायचे सोडून आणखी आवळतात आणि माणूस बंद दाराला धक्के देत बसतो, असा हा बद्धकोष्ठाचा प्रकार. डॉक्टर याला डिसिनर्जिक डेफिकेशन म्हणतात. जुनं नाव ॲनिस्मस, ते १९८५ मध्ये प्रेस्टन आणि लेनार्ड-जोन्स या डॉक्टरांनी वापरलं. साध्या बद्धकोष्ठाशी याची गल्लत कायम होते, कारण "पोट साफ होत नाही" म्हटलं की समोरचा फायबर खा, पाणी प्या, चालायला जा एवढंच सांगून मोकळा होतो, आणि इथे मात्र फायबर वाढवलं की कधीकधी पोट अजूनच फुगतं कारण माल वाढला, दार बंदच.

दार म्हणजे मुख्यतः प्युबोरेक्टालिस नावाचा स्नायू. तो ओटीपोटाच्या पुढच्या हाडापासून निघून मलाशयाच्या मागून वळसा घेत परत पुढे येतो, गोफणीसारखा. एरवी तो आवळलेला असतो म्हणून मलाशय आणि गुदमार्ग यांच्यात साधारण ९० अंशांचा बाक राहतो आणि खोकलो शिंकलो तरी फजिती होत नाही. शौचाला बसल्यावर तो सैल पडून बाक उघडायला हवा, सोबत बाहेरची गुदाची कडी सुद्धा ढिली पडायला हवी (आतली कडी आपोआप चालते, बाहेरची आपल्या ताब्यात असते). या लोकांमध्ये पोट जोर लावतं आणि नेमकं तेव्हाच खालून ब्रेक लागतो.

असं का होतं याचं एकच उत्तर नाही. वर्षानुवर्षं कळ दाबून धरायची सवय, फिशरच्या (गुदाला पडलेल्या चिरेच्या) दुखण्याची भीती, बाळंतपणातली इजा, काहींच्या बाबतीत लैंगिक अत्याचाराचा इतिहास. बऱ्याच जणांना कारण सापडतच नाही. मुद्दाम कोणी करत नाही हे मात्र घरच्यांनी लक्षात घ्यावं.

रोजचं जगणं विचाराल तर ते घड्याळावर चालतं. संडासात अर्धा-पाऊण तास, कुंथून घाम फुटलेला, बाहेर आल्यावर पण "अजून राहिलंय" ही जाणीव, मग पुन्हा आत. काहींना बोटाने मल काढावा लागतो, काही बायका योनीच्या मागच्या भिंतीवर बोटाने दाब देऊन काम भागवतात. हे लोक डॉक्टरलाही सांगत नाहीत, खरं तर निदानासाठी हीच सगळ्यात कामाची माहिती असते. सारखं कुंथून मूळव्याध होते, फिशर होतं. प्रवास, पाहुण्यांकडे मुक्काम, सामायिक संडास म्हणजे टेन्शन, आणि टेन्शनने स्नायू अजून आवळतात.

तपासणीची सुरुवात अनुभवी डॉक्टरच्या बोटानेच होते, "जोर लावा" म्हटल्यावर कडी ढिली पडते की आवळते हे तिथेच बरंचसं कळतं. पुढे ॲनोरेक्टल मॅनोमेट्रीने आतला दाब मोजतात, आणि बलून टेस्टमध्ये साधारण ५० मिली पाणी भरलेला फुगा १-२ मिनिटांत बाहेर टाकता येतो का ते बघतात. लागलं तर एक्स-रे किंवा एमआरआयवर डेफिकोग्राफी, म्हणजे शौच करतानाचं चित्रण. एकाच रिपोर्टवर शिक्का मारू नये, कारण अनोळखी खोलीत कुशीवर झोपून जोर लावताना धडधाकट माणसाचेही स्नायू लाजून आवळतात.

उपचारात बायोफीडबॅक सगळ्यात भरवशाचा. गुदात बारीक सेन्सर असतो, स्क्रीनवर दाबाची रेघ दिसते, ती बघत पोटाने हळू ढकलायचं आणि खालचं सैल सोडायचं हे शिकायचं, फुग्यावर सराव करायचा. साधारण ४ ते ६ सेशन लागतात आणि चाचण्यांमध्ये जवळपास ७० टक्के लोकांना फायदा दिसलाय, नुसत्या जुलाबाच्या औषधांपेक्षा कितीतरी जास्त. अडचण ही की हे शिकवणारे पेल्विक फ्लोअर फिजिओ सगळीकडे मिळत नाहीत. स्नायू सैल पाडणारं बोटॉक्सचं इंजेक्शनही देतात पण असर तात्पुरता आणि कधी उलट मल अडवून धरायलाच त्रास होतो. जुलाबाची औषधं पूर्ण बंद करायची असं नाही, मल मऊ राहिला तर शिकणं सोपं जातं.

एक चूक फार दिसते, पेल्विक फ्लोअर म्हटलं की लोक केगेल व्यायाम सुरू करतात. केगेल आवळायला शिकवतो, इथे आधीच जास्त आवळलंय, त्याने त्रास वाढू शकतो.

घरी करायचं ते साधं आहे: जेवणानंतर आतडी हलतात ती वेळ पकडायची, पायाखाली स्टूल घेऊन गुडघे कमरेपेक्षा वर ठेवायचे, श्वास रोखायचा नाही, ५-१० मिनिटांत नाही झालं तर उठायचं, फोन बाहेर. शिकलेलं कधी विसरतंही, आजारपण किंवा धावपळीच्या दिवसांत जुनी सवय परत येते, मग एखाद-दुसरं सेशन पुन्हा करावं लागतं. शौचातून रक्त, विनाकारण वजन घटणं किंवा सवयीत अचानक बदल असेल तर मात्र हे सगळं बाजूला ठेवून आधी आतड्याची तपासणी.