आघाडीतील फाटाफूट (ठाणे व नवी मुंबई)

वेगवेगळ्या जाती, धर्म आणि भाषांच्या मतदारांवर उभ्या असलेल्या विरोधी पक्षांच्या एकजुटीला आतून तडे जाणे, याला राजकीय बोलीत आघाडीतील फाटाफूट म्हणतात. जागावाटपावरून रुसवेफुगवे होतात, मग मित्रपक्षाच्या उमेदवारासमोर बंडखोर अपक्ष उभा राहतो आणि शेवटी एखादा नेता गटासकट पलीकडे जातो. ठाणे आणि नवी मुंबई या जुळ्या शहरपट्ट्यात हे इतक्या वेळा घडले आहे, की त्याची रीतच पडून गेली आहे.

या पट्ट्यात एका समाजाच्या जोरावर शहर जिंकता येत नाही. मूळचे भूमिपुत्र आगरी-कोळी आहेत. सिडको या सरकारी शहरविकास महामंडळाने १९७० नंतर घेतलेल्या जमिनींवर नवी मुंबई उभी राहिली ती त्यांचीच. वाशीच्या बाजार समितीत सातारा-सांगलीकडचे माथाडी आहेत. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतून हललेल्या मुस्लिम कुटुंबांनी मुंब्रा-कौसा भरले. बौद्ध वस्त्या, उत्तर भारतीयांच्या चाळी, नेरूळ-वाशीचे दक्षिण भारतीय हे वेगळेच. त्यामुळे विरोधकांना मोट बांधावीच लागते. पण मतदार समाज म्हणून मत देतो आणि नगरसेवक माणसाला धरून राहतो. बहुतेक फुटींचे मूळ या विसंगतीत आहे.

फुटीची धास्ती या शहरांना जुनी आहे. १९८९ मध्ये ठाण्याच्या महापौरपदाच्या निवडणुकीत शिवसेनेचा उमेदवार एका मताने पडला. मत फोडल्याचा संशय ज्यांच्यावर होता, ते नगरसेवक श्रीधर खोपकर यांचा पुढे खून झाला आणि त्या प्रकरणात शिवसेनेचे ठाणे जिल्हाप्रमुख आनंद दिघे यांना टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखाली अटक झाली. ‘गद्दार’ हा शब्द ठाण्यात आजही नुसत्या शिवीसारखा वाटत नाही, त्यामागे हा इतिहास आहे.

कायद्याने फुटीला बांध घालण्याचा प्रयत्न केला आहे. आमदार-खासदारांसाठी १९८५ ची पक्षांतरबंदीची दहावी अनुसूची, तर नगरसेवकांसाठी महाराष्ट्र स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियम, १९८६. या अधिनियमात पक्षाबरोबर ‘आघाडी’लाही स्थान आहे : आघाडीचा व्हिप, म्हणजे मतदानाचा आदेश, मोडला तरी पद जाऊ शकते. निकालानंतर महिन्याभरात नवी आघाडी नोंदवता येते आणि मग ती निवडणुकीआधीचीच समजली जाते. ही नोंदणी सीबीडी बेलापूरच्या कोकण भवनात, विभागीय आयुक्तांकडे होते. निकालानंतरच्या दिवसांत तिथे नगरसेवक एकेकटे येत नाहीत, गटनेता त्यांना बसमधून एकत्रच आणतो. कागदावर सह्या होईपर्यंत कुणाला चहालाही लांब जाऊ देत नाहीत. या घाईमागे साधे गणित असते. स्थायी समितीच्या १६ जागा आणि स्वीकृत नगरसेवक तौलनिक संख्याबळावर ठरतात; एक डोके कमी पडले की एक खुर्ची जाते.

नवी मुंबईत फुटीचा इतिहास बराचसा एका घराभोवती फिरतो. गणेश नाईक शिवसेनेतून राष्ट्रवादीत आले आणि महापालिका त्यांच्यामागे गेली. २०१५ च्या निवडणुकीत १११ पैकी ५२ जागा राष्ट्रवादीला, ३८ शिवसेनेला, १० काँग्रेसला मिळाल्या. काँग्रेस आणि अपक्षांना घेऊन राष्ट्रवादीने सत्ता राखली. सप्टेंबर २०१९ मध्ये नाईक भाजपमध्ये गेले, आणि त्यांच्यासोबत पक्षाचे बहुतेक नगरसेवक गेले. एका कार्यक्रमात महापालिकेतला पहिल्या क्रमांकाचा पक्ष जवळजवळ रिकामा झाला. ज्या वस्त्यांनी भाजप नको म्हणून राष्ट्रवादीच्या घड्याळावर शिक्का मारला होता, त्यांना कुणी विचारले नाही. या साऱ्या प्रकारात मला हीच गोष्ट सर्वांत गंभीर वाटते. पक्षांतरबंदीचा कायदा कितीही घट्ट केला तरी अशा मतदाराला त्याचे मत परत मिळत नाही.

२०१९ च्या नोव्हेंबरात शिवसेना, राष्ट्रवादी आणि काँग्रेस यांची महाविकास आघाडी राज्यात सत्तेवर आली. हिंदुत्वाचा झेंडा आणि मुंब्र्याचे मत एका ताटात आले, तेव्हा दोन्ही बाजूंच्या कार्यकर्त्यांना सांभाळून घेणे आले. आतला ताण कसा असतो, हे नवी मुंबई विमानतळाच्या नावावरून नीट दिसते. सिडकोने बाळासाहेब ठाकरे यांचे नाव पुढे केले. नगरविकास खाते तेव्हा एकनाथ शिंदे यांच्याकडे होते. प्रकल्पग्रस्तांना मात्र दि. बा. पाटील यांचे नाव हवे होते. १९८४ च्या जानेवारीतल्या जासई-दास्तान आंदोलनात पाच शेतकरी पोलिसांच्या गोळीला बळी पडले, त्या लढ्याचे ते नेते. १० जून २०२१ ला मानवी साखळी झाली, २४ जूनला बेलापूरच्या सिडको भवनावर लोटलेल्या मोर्चाने रस्ते अडले. आगरी-कोळी गावांत पक्षाच्या चौकटी त्या दिवसांत गळून पडल्या होत्या. गावच्या पोराला पक्ष कुठला असे कुणी विचारत नव्हते.

सरकार गेले त्याच दिवशी, २९ जून २०२२ ला, ठाकरे मंत्रिमंडळाने दि. बां.च्या नावाला मान्यता दिली. त्याच बैठकीत औरंगाबादचे संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव करण्याचाही निर्णय झाला. नामांतर आघाडीच्या किमान समान कार्यक्रमात नव्हते, असे शरद पवारांनी नंतर जाहीरपणे सांगितले. म्हणजे एकाच बैठकीने आगरी-कोळ्यांची जखम भरली आणि आघाडीच्या मुस्लिम मतदारासमोर नवा प्रश्न ठेवला.

तोपर्यंत शिवसेनेत शिंदे यांचे बंड झाले होते. ठाणे महापालिकेत २०१७ साली शिवसेनेचे ६७ नगरसेवक निवडून आले होते. जुलै २०२२ मध्ये त्यातले ६६ नरेश म्हस्के यांच्या नेतृत्वाखाली शिंदे यांच्याकडे गेले. एकट्या नंदिनी विचारे ठाकरेंकडे राहिल्या. त्यांचे पती राजन विचारे तेव्हा खासदार होते. अनर्हतेचा कायदा इथे लागूच झाला नाही, कारण महापालिकेची मुदत मार्चमध्येच संपली होती आणि हे सगळे माजी नगरसेवक होते. नवी मुंबईत तर २०२० पासून प्रशासक होता. प्रशासकाच्या काळात माजी नगरसेवकाच्या हातात ना सभागृह, ना निधी. गटार फुटले तरी लोक त्याच्याच दारात येतात आणि काम करून घ्यायचे तर सत्तेतल्या माणसाला फोन करावा लागतो. ‘विकासासाठी गेलो’ हे वाक्य म्हणूनच सरसकट खोटे नसते. निवडणुका लांबल्याने विरोधी पक्ष जितके झिजले, तितके प्रचाराने झिजले नसते.

मुंब्र्यात या फुटीचे रूप विटा-मातीत दिसले. तिथली शिवसेनेची जुनी शाखा नोव्हेंबर २०२३ मध्ये बुलडोझरने पाडली गेली. ११ नोव्हेंबरला उद्धव ठाकरे ती जागा पाहायला आले, तेव्हा पोलिसांनी बॅरिकेड लावून त्यांना अडवले. मुस्लिमबहुल उपनगरात सेनेच्या शाखेसाठी आलेल्या ठाकरेंच्या बाजूने राष्ट्रवादीचे स्थानिक आमदार जितेंद्र आव्हाड उभे होते. दहा वर्षांपूर्वी या दृश्याची कुणी कल्पनाही केली नसती. आघाडी कार्यकर्त्यांच्या पातळीवर खरी होऊ शकते, याचा हा पुरावा आहे.

त्याआधीच, २ जुलै २०२३ ला, राष्ट्रवादीही फुटली होती. आव्हाड शरद पवारांसोबत राहिले, ठाण्यातले नजीब मुल्ला अजित पवारांकडे गेले. २०२४ च्या विधानसभेला कळवा-मुंब्र्यात हे दोघे समोरासमोर आले आणि आव्हाड ९६ हजारांहून जास्त मतांनी जिंकले. धर्मावरून मते वळतील हा हिशेब तिथे चुकला. बेलापूरमध्ये उलटी चाल झाली : भाजपने मंदा म्हात्रे यांनाच उमेदवारी दिल्याने गणेश नाईकांचे पुत्र संदीप नाईक शरद पवारांच्या पक्षात आले आणि ३७७ मतांनी पडले. त्याच वेळी त्यांचे वडील शेजारच्या ऐरोलीतून भाजपचे आमदार झाले.

जिल्ह्यातल्या १८ पैकी १६ जागा महायुतीला, म्हणजे भाजप, शिंदे यांची शिवसेना आणि अजित पवारांची राष्ट्रवादी यांना गेल्या. उरल्या दोन : आव्हाडांची कळवा-मुंब्रा आणि समाजवादी पक्षाच्या रईस शेख यांची भिवंडी पूर्व. ६ डिसेंबर २०२४ ला ठाकरे यांच्या पक्षाच्या एका नेत्याने बाबरी मशीद पाडल्याचे समर्थन करणारी पोस्ट टाकली, आणि दुसऱ्या दिवशी समाजवादी पक्षाचे राज्यातले नेते अबू आझमी यांनी आपला पक्ष महाविकास आघाडीतून बाहेर पडल्याचे जाहीर केले. ठाणे जिल्ह्यात आघाडीचा एकच आमदार उरला, तो मुंब्र्याचा.