ओव्हरटेक आणि साइड देणं

पुढची हळू गाडी मागे टाकून पुढे जाणं म्हणजे ओव्हरटेक. भारतात गाड्या डावीकडून चालतात त्यामुळे ओव्हरटेक उजवीकडूनच, फक्त पुढच्याने उजवीकडे वळायचा इशारा देऊन गाडी रस्त्याच्या मध्याकडे घेतली असेल तर डावीकडून जाता येतं.

खरी जोखीम दोन पदरी रस्त्यावर, कारण तिथे समोरच्याच्या लेनमध्ये शिरावं लागतं. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात ताशी ८० किमीच्या डिझाइन स्पीडला, म्हणजे ज्या वेगासाठी रस्ता आखलाय त्याला, ओव्हरटेकसाठी ४७० मीटर आणि १०० ला ६४० मीटर रस्ता समोर दिसायला हवा असं धरलंय, नुसतं ब्रेक मारून थांबायला हेच आकडे १२० आणि १८० आहेत. हिशोबात तीन तुकडे येतात, अंदाज घेण्यात जाणारे २ सेकंद, प्रत्यक्ष पुढे जाणं, आणि तेवढ्या वेळात समोरची गाडी जेवढी जवळ येते ते, आणि हा शेवटचा तुकडाच जवळपास निम्मा असतो. पुढची गाडी ताशी १६ किमीने हळू आहे असंही यात गृहीत धरलंय, म्हणजे एक ट्रक दुसऱ्या ट्रकला ताशी पाच किमीच्या फरकाने ओव्हरटेक करायला निघाला की हे आकडे सरळ अपुरे पडतात. घाटात एवढं दिसतच नाही म्हणून मध्ये सलग पट्टा मारतात, तो ओलांडायचा नाही.

ट्रकवाला उजवा इंडिकेटर देऊन मागच्याला 'ये पुढे' सांगतो ही पद्धत कुठून आली यावर मतं वेगळी आहेत. काहींच्या मते तो निव्वळ चुकीचा वापर. पण १९८९ च्या रस्ता नियमांत मागच्याला साइड द्यायची तर उजवा हात बाहेर काढून पुढेमागे अर्धवर्तुळात हलवायचा असं लिहिलं होतं, पुढच्याने इशारा दिला नसेल तर ओव्हरटेक करू नये असंही त्यातच होतं, तेव्हा हाताची जागा इंडिकेटरने घेतली असावी हे जास्त पटतं. ट्रकांवर इंडिकेटर सर्रास झाल्यानंतरची ही सवय असणार. अडचण अशी की कायद्याने उजवा इंडिकेटर म्हणजे गाडी उजवीकडे जाणार, आणि ट्रक खरंच वळत असेल तर मागचा सरळ त्याच्या अंगावर जातो. म्हणून जुने ड्रायव्हर नुसत्या लाइटवर विश्वास ठेवत नाहीत, ट्रक डावीकडे सरकतोय का, क्लीनरचा हात दिसतोय का ते बघतात, आणि रात्री डिपर मारून, म्हणजे हेडलाइट खालीवर करून, साइड मागतात.

साइड देणाऱ्याने स्पीड वाढवायचा नाही हाही नियमच, पाळतं कोण ही गोष्ट वेगळी.

एक्सप्रेसवेवर उजवी लेन फक्त ओव्हरटेकसाठी असते पण तिथे जड गाड्या ठाण मांडतात, मग कारवाले डावीकडून काढतात. दुचाक्यांचं तर काही विचारूच नका.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये बेकायदा ओव्हरटेक धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये धरला जातो, पहिल्या वेळी १,००० ते ५,००० रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही.