लाइट गेली तरी कर्नल पुरा होतो

मृग लागला की कोकणात लाइट कधी जाईल याचा भरवसा नाही. त्यात जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्सचा कर्नल, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, कंपाइल करायचा (लिहिलेला कोड यंत्राला कळेल अशा रूपात आणायचा) म्हणजे काही तासांचं काम. ते अर्ध्यावर असताना वीज गेली तर? काही बिघडत नाही. वीज आली की पुन्हा ‘मेक’ या कंपाइलचं काम सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमची आज्ञा द्यायची, झालेलं सोडून ते उरलेलं हाती घेतं.

हे मेक 1976 साली बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी लिहिलं. त्याची युक्ती अगदी साधी. सोर्स फाइल, म्हणजे माणसाने लिहिलेला कोड, आणि कंपाइल होऊन तिच्यापासून बनलेली ऑब्जेक्ट फाइल, दोघींच्या वेळा बघायच्या. सोर्स नंतर बदलली असेल तरच पुन्हा कंपाइल करायचं.

कर्नलला मात्र एवढ्याने भागत नाही. त्यात हजारो पर्याय असतात. एखादा ड्रायव्हर (उपकरण चालवणारा कोड) कर्नलमध्येच घ्यायचा, मॉड्यूल म्हणून, लागेल तेव्हा जोडता येईल असा वेगळा ठेवायचा की गाळायचा, ही सगळी निवड ‘डॉट कॉन्फिग’ या फाइलमध्ये नोंदली जाते. तिच्यावरून एक हेडर (सामाईक माहितीची फाइल) तयार होतं आणि ते जवळजवळ प्रत्येक सोर्स फाइलला जोडलेलं असतं. म्हणजे एक पर्याय बदलला की सगळंच पुन्हा कंपाइल व्हायला हवं! तसं होत नाही, याचं श्रेय ‘फिक्सडेप’ नावाच्या चिमुकल्या प्रोग्रॅमला. कुठल्या फाइलमध्ये कुठल्या पर्यायाचं नाव आलंय हे तो वाचून ठेवतो, आणि बदललेल्या पर्यायाशी संबंध असलेल्या फाइलीच तेवढ्या पुन्हा कंपाइल होतात. सगळ्या व्यवस्थेत मला हाच भाग सर्वांत देखणा वाटतो.

पर्याय निवडायचा कंटाळा असेल तर ‘लोकलमॉडकॉन्फिग’ आहे. या घडीला जी मॉड्यूल चालू आहेत तेवढी ते ठेवतं, बाकीची गाळतं. वेळ खूप वाचतो, पण समजा देवगडात आंब्याच्या पॅकिंग शेडमधला कॉम्प्युटर आहे आणि यूएसबी अ‍ॅडॉप्टरवर चालणारा वजनकाटा त्या दिवशी जोडलेलाच नाही. मग त्या अ‍ॅडॉप्टरचा ड्रायव्हरही गाळला जातो, आणि ते कळतं ऐन हंगामात, पेट्या काट्यावर चढल्यावर.

मेकचा सगळा विश्वास घड्याळावर. रास्पबेरी पाय 4 सारख्या एकाच बोर्डाच्या छोट्या कॉम्प्युटरवर बॅटरीवर चालणारं घड्याळच नसतं. लाइट गेली, आली, इंटरनेट मात्र आलं नाही, की त्याची वेळ मागेच राहते. आता दुरुस्त केलेली सोर्स फाइल जुन्या ऑब्जेक्टपेक्षाही जुनी दिसते आणि मेक ती सोडून देतं. ‘क्लॉक स्क्यू डिटेक्टेड’ असा घड्याळ चुकल्याचा इशारा येतो, पण सरसर पळणाऱ्या ओळींत तो बघतो कोण? म्हणून वीज आल्यावर आधी ‘डेट’ टाइप करून तारीख-वेळ बघावी.

कधी ऐन वेळी लाइट गेल्याने ऑब्जेक्ट फाइल रिकामीच राहते आणि शेवटी सगळ्या ऑब्जेक्ट फाइली जोडणारा लिंकर अडतो. त्याने नाव घेतलेली फाइल उडवली की पुरे. नाहीच जमलं तर कंपाइल झालेलं पुसणारं ‘मेक क्लीन’. त्यात डॉट कॉन्फिग शाबूत राहते. ‘मेक एमआरप्रॉपर’ मात्र तीही पुसतं, तेव्हा आधी तिची प्रत काढून ठेवा.