मेंदू एकाचा, हात दुसऱ्याचा

एका कंपनीचा मोशन कंट्रोलर दुसऱ्या कंपनीच्या ड्राइव्हला जोडायचा असेल, तर पहिल्यांदा पॉवर देण्याआधी जुनी माणसं मोटरचं कपलिंग सोडवून ठेवतात. शाफ्ट यंत्रापासून मोकळा. नवा माणूस घाईत हे करत नाही, आणि एकदाच करत नाही.

यामागचं कारण कळायला आधी कामाची वाटणी पाहू. सीएनसी मशीन असो की रोबोचा हात, नेमकी हालचाल हवी तिथे कंट्रोलर फक्त हिशेब करतो: आत्ता मशीनचा टेबल कुठे असायला हवा, पुढच्या मिलिसेकंदाला कुठे. मोटर फिरवण्याइतका करंट त्याच्या टर्मिनलमधून निघतच नाही. ते काम ड्राइव्हचं. मेन्सच्या एसीचं डीसी करायचं, आतले ट्रान्झिस्टर सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करायचे आणि मोटरच्या तिन्ही फेजमध्ये हवा तेवढाच करंट सोडायचा. मोटरच्या पाठीवर बसलेला एन्कोडर शाफ्ट कुठवर फिरला याची खबर देत राहतो.

त्या खबरीवर एकात एक बसवलेली तीन वर्तुळं चालतात. सगळ्यात आत करंटचं, म्हणजे टॉर्कचं. त्याच्या बाहेर वेगाचं, आणि सगळ्यांच्या बाहेर जागेचं. यांनाच लूप म्हणतात. प्रत्येकाचं काम एकच, हवं होतं किती आणि मिळालं किती यातला फरक काढून तो कमी करायचा. आतलं वर्तुळ सगळ्यात चपळ लागतं. सेकंदाला १६,००० वेळा हिशेब करणारा करंट लूप आज अगदी नेहमीचा आहे, तर जागेच्या लूपला बऱ्याच ठिकाणी सेकंदाला हजार वेळाही पुरतं.

कंट्रोलर आणि ड्राइव्ह एकाच घरचे असतील, तर यातली कोणती वर्तुळं कुणाकडे हा प्रश्न कारखान्यातच सुटलेला असतो. घरं वेगळी असली की तो जोडणाऱ्याच्या टेबलावर येतो. वायरिंग हा त्यातला सोपा भाग.

कंट्रोलरने ड्राइव्हला आज्ञा द्यायची सगळ्यात जुनी आणि अजूनही टिकून असलेली बोली म्हणजे उणे १० ते अधिक १० व्होल्ट. चिन्हावरून दिशा, आकड्यावरून वेग किंवा टॉर्क. ही बोली जवळपास सगळ्यांना येते, पण तिच्यात एककच नाही. ड्राइव्हमध्ये १० व्होल्ट म्हणजे मिनिटाला ३००० फेरे असं भरलेलं असेल आणि कंट्रोलरचा समज २००० फेऱ्यांचा असेल, तर प्रत्येक आज्ञा दीडपट होऊन पोचते. जागेचा लूप ती चूक सावरतो खरा, पण तोही दीडपट जोराने हात-पाय मारत असतो, आणि मोटर गुणगुणायला लागते. मग लोक तासन्‌तास ट्यूनिंग, म्हणजे लूपचा जोर कमी-जास्त, करत बसतात. दोष मात्र एका पॅरामीटरमध्ये असतो.

दुसरी गंमत शून्याची. कंट्रोलरने शून्य व्होल्ट पाठवलं, तरी ड्राइव्हच्या इनपुटला ते ५ मिलिव्होल्ट दिसू शकतं. ३००० फेऱ्यांच्या हिशेबात ५ मिलिव्होल्ट म्हणजे मिनिटाला दीड फेरा. शाफ्टवर मार्करने खूण करून ठेवली, तर ती घड्याळाच्या काट्यासारखी सरकताना दिसते. १६ बिटांचा कंट्रोलर २० व्होल्टच्या पट्ट्याचे ६५,५३६ भाग करतो. एक भाग जेमतेम ०.३ मिलिव्होल्टचा. म्हणजे ५ मिलिव्होल्टच्या घोटाळ्यात यातल्या सोळा पायऱ्या बुडाल्या. शील्ड असलेली केबल हवी आणि ती मोटरच्या पॉवर केबलपासून लांब ओढायला हवी, असा आग्रह धरतात तो यात बाहेरच्या विद्युत गोंगाटाची भर पडू नये म्हणून.

आता त्या सोडवलेल्या कपलिंगकडे. समजा, कंट्रोलरच्या मते अधिक म्हणजे उजवीकडे, आणि अधिक व्होल्टेजला ड्राइव्ह मोटर फिरवतो डावीकडे. कंट्रोलर म्हणतो, थोडं उजवीकडे सरक. मोटर डावीकडे सरकते. एन्कोडर खबर देतो की अंतर वाढलं. कंट्रोलर आणखी जोर लावतो, मोटर आणखी डावीकडे. डोळ्याची पापणी लवते न लवते तोच मोटर पूर्ण वेगात असते. आमच्या भाषेत, ‘मोटर पळाली’. मी पहिल्यांदा हा प्रकार पाहिला तेव्हा हात इमर्जन्सी बटणावर होता, तरी बटण दाबायचं सुचेपर्यंत टेबल टोकाच्या स्टॉपरवर आदळून मोकळा झाला होता.

सगळा खेळ एका वजाबाकीच्या चिन्हाचा आहे. चूक मोजून उलट बाजूने परत द्यायची, ही कल्पना बेल लॅब्ज या अमेरिकेतल्या टेलिफोन संशोधन संस्थेच्या हॅरॉल्ड ब्लॅक यांना २ ऑगस्ट १९२७ रोजी कामावर जाताना हडसन नदीवरच्या फेरीबोटीत सुचली आणि त्यांनी ती हातातल्या वर्तमानपत्राच्या कोऱ्या पानावर उतरवली. ते टेलिफोनच्या ॲम्प्लिफायरसाठी डोकं खाजवत होते. तेच ऋण चिन्ह मोटरला आवरतं, आणि ते धन झालं की तीच मोटर उधळते.

यावर उपाय साधा आहे. ड्राइव्ह बंद ठेवून शाफ्ट हाताने फिरवायचा आणि कंट्रोलरच्या पडद्यावर आकडा कोणत्या बाजूने वाढतो ते बघायचं. मग लूप उघडा ठेवून, म्हणजे एन्कोडरची खबर हिशेबात न धरता, चिमूटभर व्होल्टेज द्यायचं आणि मोटर कुठे वळते ते बघायचं. दिशा जुळत नसेल तर चिन्ह बदलायचं, पण एकाच जागी! दोन्हीकडे बदललंत तर पुन्हा मूळपदावर. आणि साध्या इंडक्शन मोटरच्या सवयीने सर्व्हो मोटरच्या, म्हणजे एन्कोडरच्या खबरीवर चालणाऱ्या या मोटरच्या, दोन फेज अदलाबदल करायच्या नाहीत. ड्राइव्ह एन्कोडरकडे बघून करंट कोणत्या क्षणी कोणत्या फेजमध्ये सोडायचा ते ठरवतो. फेज बदलल्या की त्याचा सगळा हिशेब चुकतो.

पल्सची, म्हणजे विजेच्या छोट्या ठोक्यांची, बोली त्यामानाने सरळ: एक पल्स, एक पाऊल. फेऱ्याला १०,००० पल्स धरले तर मिनिटाला ३००० फेऱ्यांसाठी सेकंदाला ५ लाख पल्स लागतात. तेवढे पाठवणारा आणि घेणारा आहे का, एवढं पाहिलं की बरंचसं भागतं. मात्र पल्स पाठवून कंट्रोलर मोकळा होतो, मोटर खरंच तिथे पोचली का हे त्याला आपोआप कळत नाही.

आता जमाना नेटवर्कचा. २००३ साली बेकहॉफ कंपनीने आणलेल्या इथरकॅट या नेटवर्कमध्ये एकच संदेश सगळ्या ड्राइव्हमधून सरकत जातो. प्रत्येक जण जाता जाता आपला मजकूर उचलतो आणि आपलं उत्तर त्यात टाकतो. सगळ्यांची घड्याळं एका मायक्रोसेकंदाच्या आत जुळलेली असतात. त्यावर सीआयए ४०२ नावाची ठरलेली भाषा आहे. मोटर चालू करायला कंट्रोलर ६, मग ७, मग १५ असे आकडे पाठवतो आणि प्रत्येक पायरीला ड्राइव्हच्या होकाराची वाट बघतो. १५ म्हणजे बायनरीत चार एक. त्यातला एक बिट तातडीने थांबण्याचा, आणि तो उलटा वाचायचा असतो: एक म्हणजे चालू दे, शून्य म्हणजे थांब. म्हणजे सगळी शून्यं आली तर मोटर चालू राहायचा प्रश्नच नाही. मला ही रचना फार आवडते.

भाषा एक असली तरी बोलीभाषा उरतातच. वेग एक ड्राइव्ह मिनिटाच्या फेऱ्यांत मागतो, दुसरा सेकंदाला किती एन्कोडर काउंट अशा हिशेबात. फॉल्ट, म्हणजे बिघाडाची नोंद, रिसेट करणारा बिट शून्यावरून एकवर जाताना काम करतो. तो एकवरच धरून ठेवला तर काही घडत नाही, आणि माणूस केबल बदलत बसतो.

नेटवर्कला वेळही लागतो. मिलिसेकंदाने एकदा बोलणाऱ्या नेटवर्कवर खबर यायला एक आणि आज्ञा जायला एक असा २ मिलिसेकंदांचा उशीर धरा. सेकंदाला ५० वेळा थरथरणाऱ्या यंत्राचा एक हेलकावा २० मिलिसेकंदांचा, म्हणजे उशीर त्याच्या दहाव्या हिश्शाएवढा झाला. झोक्याला उशिरा धक्का दिला की तो शांत होण्याऐवजी वाढू शकतो, तसंच हे. म्हणून परक्या ड्राइव्हशी गाठ असेल तर तिन्ही लूप ड्राइव्हलाच सांभाळू द्यावेत, कंट्रोलरने दर मिलिसेकंदाला फक्त पुढची जागा सांगावी, या मताचा मी आहे.

एक वाटणी मात्र नेटवर्कवर सोडायची नाही: उभ्या अक्षाच्या ब्रेकची. सुरक्षिततेसाठी असलेलं सेफ टॉर्क ऑफ मोटरचा टॉर्क काढून घेतं, भार धरून ठेवत नाही. तो धरतो ब्रेक. हा ब्रेक कंट्रोलरच्या आउटपुटवर जोडला आणि ड्राइव्हने टॉर्क धरण्याआधीच तो सुटला, तर तेवढ्या क्षणात टूलसकट हेड खाली येतं. तोच ड्राइव्हच्या ब्रेक आउटपुटवर जोडला, की आधी टॉर्क उभा राहतो आणि मग तो ‘टक्‌’ आवाज करून सुटतो.