प्लाँजर भंगारात गेली? अहो, ७० वर्षं कामावर होती!

फ्रेंच नेव्हीची जुनी पाणबुडी प्लाँजर फेल गेली आणि लगेच तोडून टाकली, ही गोष्ट बरीच वर्षं फिरतेय. फेल गेली हे खरं, पण तोडली वगैरे काही नाही. १८६३ मध्ये रोशफोरला ती पाण्यात उतरवली, माणसांच्या हातांऐवजी इंजिनवर चालणारी जगातली पहिली पाणबुडी, आणि इंजिन कशावर तर दाबून भरलेल्या हवेवर! त्या हवेच्या टाक्या २३, म्हणजे पोटातली बरीचशी जागा त्यांनीच खाल्लेली, तरी एका दमात जेमतेम ५ सागरी मैल, म्हणून हवा भरून द्यायला काशालो नावाची बोट सोबत न्यायला लागायची. खरी बोंब म्हणजे पाण्याखाली एका खोलीवर टिकायचीच नाही, नाक खाली, नाक वर, तेच चालू.

मग नेव्हीने १८७२ ला तिला पाणबुड्यांमधून काढलं आणि पुढच्या वर्षी चक्क पाण्याचा टँकर केलं. (फ्रेंचमध्ये प्लाँजर म्हणजे पाण्यात बुडी मारणारा, आणि काम काय तर पाणी पुरवायचं, घ्या!) ही ड्युटी तिने १९३५ पर्यंत केली आणि १९३७ मध्ये तुलाँला विकली गेली.